बोरूने देवनागरी सुलेखन: टाकाच्या कापापासून स्वच्छ प्रतीपर्यंत

लग्नाच्या पत्रिकेवर, मानपत्रावर किंवा घराच्या पाटीवर आपल्या हातचे अक्षर असावे असे वाटून अनेक जण चपट्या टोकाचे पेन विकत आणतात, दोन दिवस क, ख, ग गिरवतात आणि तिसऱ्या दिवशी ते पेन खणात जाते. अशा कागदांवर मला बहुधा तेच तीन दोष दिसतात. जाड आणि बारीक रेषा चुकीच्या जागी आलेल्या असतात, अक्षरांची उंची ओळीगणिक बदलत जाते, आणि वेलांट्या व रफार उरलेल्या जागेत कोंबलेले असतात. यांपैकी तिसरा दोष मोबाइलवर लिहिण्याच्या सवयीने वाढला आहे. कळफलकावर आपण आधी ‘न’ दाबतो आणि मग वेलांटी; पडद्यावर ती वेलांटी आपोआप डावीकडे जाऊन बसते आणि शेजारची अक्षरे सरकून तिला जागा देतात. कागदावर कोणतेच अक्षर सरकत नाही, त्यामुळे प्रत्येक चिन्हाची जागा लिहिण्यापूर्वी ठरवावी लागते.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. नमुन्यासाठी ‘सस्नेह निमंत्रण’ हे दोन शब्द घेतले आहेत, कारण जोडाक्षर, मात्रा, पहिली वेलांटी आणि अनुस्वार या चारही गोष्टी त्यांत येतात.

टप्पा १: साहित्य जमवणे

लागणारे साहित्य थोडे आहे: पेन्सिलीएवढ्या जाडीचे दोन-तीन वाळलेले बोरू (लेखणी करण्यासाठीचे वेतासारखे दांडे), धारदार कटर, अगदी बारीक पॉलिश पेपर, काळी शाई, रुंद तोंडाची दौत, १०० जीएसएम किंवा त्याहून जाड गुळगुळीत कागद, पट्टी, गुण्या, एचबी पेन्सिल आणि मऊ खोडरबर. बोरू मिळाला नाही तर बांबूची कामटी किंवा आइस्क्रीमची चपटी काडी तासून घेतली तरी सराव होतो. बाजारातले कट निबचे पेन किंवा चपट्या टोकाचा मार्कर आणणार असाल, तर पुढचा टप्पा वाचून झाल्यावर दुकानात जावे, कारण तेथे मिळणारी पुष्कळशी पेने रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात.

टोकाची रुंदी सुरुवातीला ३ मि.मी. ठेवावी. बारीक टोकाने चुका लपतात आणि पुढे त्याच हाताला चिकटून राहतात.

टप्पा २: टाक तोडणे

टाक म्हणजे बोरू तासून केलेली लेखणी. हा टप्पा घाईने उरकला की पुढचे सगळे श्रम वाया जातात. बोरू तासण्याचा क्रम असा आहे.

१. बोरूचा सुमारे १८ ते २० सें.मी. लांबीचा, सरळ आणि टोकाजवळ गाठ नसलेला तुकडा घ्यावा. तो फार कोरडा व ठिसूळ वाटला तर तासभर पाण्यात ठेवून पुसून घ्यावा.

२. टोकापासून दोन-अडीच सें.मी. अंतरावरून निमुळता तिरपा छेद घेऊन बोरूचा निम्मा भाग काढून टाकावा. आतला भुसभुशीत गर खरवडून काढावा, कारण तो राहिला तर शाई पितो आणि टोक मऊ पडते.

३. दोन्ही खांदे सारखे तासून टोक ३ मि.मी. रुंदीवर आणावे.

४. टोकाच्या मध्यातून साधारण एक सें.मी. लांबीची चीर द्यावी. चीर जेथे थांबायला हवी तेथे अंगठा घट्ट दाबून धरावा. माझे पहिले चार बोरू मी अंगठा न दाबल्यामुळे चीर देतानाच उभे फाटले.

५. शेवटचा काप चिरेनंतरच घ्यावा. चीर देताना टोकाला येणारे तंतू याच कापाने निघून जातात. टोक लाकडी पाटावर ठेवावे आणि कटर दाबून एकाच घावात तोडावे. करवतीसारखे मागेपुढे करू नये.

या शेवटच्या कापाची दिशा महत्त्वाची आहे. बोरूची पाठ, म्हणजे बाहेरची गुळगुळीत बाजू, आपल्याकडे आणि टोक वर धरून पाहावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या देवनागरी टाकाचा डावा कोपरा लांब आणि उजवा आखूड असावा. रोमन अक्षरांसाठी केलेल्या टाकाचा काप सरळ तरी असतो किंवा याच्या उलट तरी. डावखुऱ्यांना येथे निसर्गतःच सवलत आहे: त्यांच्या हातात बोरू डावीकडे झुकतो, त्यामुळे सरळ कापाच्या टाकानेही देवनागरीचा कोन मिळतो.

सावधान: कटर नेहमी अंगापासून दूर चालवावा आणि पात्यापुढे बोट ठेवू नये. बोरू अचानक तुटतो आणि पाते पुढे निसटते.

तपासा: शाईत बुडवून चार रेषा काढाव्यात. उजवीकडे वरून डावीकडे खाली येणारी तिरपी रेषा सर्वांत जाड यावी, डावीकडे वरून उजवीकडे खाली जाणारी केसासारखी बारीक यावी, आणि उभी व आडवी या दोन्ही सारख्या जाडीच्या याव्यात. टोक ३ मि.मी. असेल आणि त्याचा ओळीशी कोन ४५ अंशांचा असेल तर उभी-आडवी रेषा सुमारे २.१ मि.मी. भरते, पट्टी लावून मोजून घ्यावी. याहून सोपी परीक्षा हवी असेल तर ‘ब’ लिहून पाहावा. त्याच्या पोटातली तिरपी रेषा नाजूक आली तर टाक बरोबर आहे. ती जाड येऊन पोट बुजले, तर काप किंवा पकड उलटी आहे. ‘ष’वरही हेच दिसते.

टप्पा ३: शाई आणि कागद जुळवणे

फाउंटन पेनची शाई बोरूसाठी पातळ पडते. ती टाकावरून एकदम उतरते आणि कागदात पसरते. चित्रकलेसाठी मिळणारी काळी जलरोधक शाई किंवा पाण्यात कालवलेला काळा पोस्टर रंग वापरावा. रंग ताकाइतका पातळ असावा. दह्यासारखा झाला तर रेषा मध्येच तुटते. दौतीत सुती चिंधीचा लहान बोळा टाकून त्यावर टाक टेकवला की शाई मोजकी लागते.

सावधान: जलरोधक शाई फाउंटन पेनात कधीही भरू नये. ती आत वाळली की पेन कायमचे निकामी होते.

तपासा: कागदाच्या कोपऱ्यावर एक जाड रेषा काढून ती वाळू द्यावी. कडेला तंतू फुटले तर शाई आटवावी किंवा कागद बदलावा. मुख्य कामाच्या कागदाच्या दोन्ही बाजू तपासाव्यात, कारण पुष्कळदा एक बाजू दुसरीपेक्षा गुळगुळीत असते.

टप्पा ४: बैठक आणि पकड

कागद किंचित उताराच्या फळीवर ठेवावा, खाली दहा-बारा वर्तमानपत्रांची गादी असावी, आणि प्रकाश लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने यावा. टाक बोटांनी न वळवता मनगट आणि कोपर यांच्या हालचालीने रेषा ओढावी. रेषा ओढायची असते, ढकलायची नसते. रुंद टोक वरच्या दिशेने ढकलले की ते कागदात रुतते आणि शाईचे शिंतोडे उडतात.

सर्वाधिक चुकणारी गोष्ट म्हणजे गोल रेषा काढताना टाक बोटांत नकळत फिरवणे. शाळेत बॉलपेनने लिहिताना ही सवय खपून जाते, कारण बॉलपेनला दिशा नसते. येथे मात्र कोन एकदा धरला की शब्द संपेपर्यंत तो बदलत नाही. जाड-बारीकपणा रेषेच्या दिशेतून आपोआप येतो, दाबातून येत नाही.

टप्पा ५: रेघा आखणे

अक्षराची उंची टाकाच्या रुंदीवरून ठरते. त्यासाठी कागदाच्या डाव्या कडेला टाक आडवा धरून त्याच्या रुंदीचे चौकोनी ठसे एकावर एक उमटवावेत आणि त्यांच्या आधाराने रेघा आखाव्यात. नवशिक्यांनी पुढील माप धरावे: शिरोरेषेपासून पायरेषेपर्यंत ५ ठसे, वर मात्रा-वेलांट्यांसाठी २ ठसे, खाली उकारांसाठी २ ठसे, आणि दोन ओळी एकमेकींत अडकू नयेत म्हणून १ ठसा मोकळा. ३ मि.मी. टाकासाठी ही एका ओळीची जागा ३० मि.मी. होते. ए-४ कागद २९७ मि.मी. उंच असतो, वर-खाली तीस-तीस मि.मी. समास सोडला तर त्यावर सात ओळी बसतात, आठवी बसत नाही. हा हिशेब आधी न केल्यामुळेच पानाच्या शेवटी अक्षरे बारीक होत जातात.

समासाबाबत दासबोधाच्या १९व्या दशकातल्या पहिल्या समासात दिलेले कारण आजही पुरेसे आहे: भोवताली मोकळी जागा असावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. चौकटीत बसवायच्या मानपत्राच्या बाबतीत हे शब्दशः खरे ठरते, कारण चौकट कडेचे दहा मि.मी. सहज गिळते.

सावधान: पेन्सिलीच्या रेघा हलक्या हाताने आखाव्यात. जोर देऊन आखलेली रेघ खोडल्यावरही कागदात खाच राहते आणि शाई त्या खाचेतून धावते.

टप्पा ६: मूलरेषा

अक्षरे लिहिण्याआधी निदान चार दिवस केवळ रेषा काढाव्यात. रोज एक पान उभ्या रेषांचे म्हणजे कान्यांचे, एक आडव्या रेषांचे, एक दोन्ही तिरप्या रेषांचे, आणि एक डावीकडे फुगणाऱ्या अर्धवर्तुळांचे असावे. हे कंटाळवाणे असते आणि त्याला पर्याय नाही. काना वरून खाली एकाच गतीने ओढावा. सुरुवातीला आणि शेवटी टाकाच्या कोनाचाच तिरपा काप दिसला पाहिजे. तो नीटनेटका करण्यासाठी वर पुन्हा शाई फिरवू नये.

तपासा: सलग दहा काने काढून त्यांच्यामधल्या पांढऱ्या जागा पाहाव्यात. हाताला लय सापडली असेल तर काळ्या रेषांइतक्याच या जागाही सारख्या दिसतात.

टप्पा ७: अक्षरे गटाने घेणे

वर्णमालेच्या क्रमाने लिहू नये. आपल्याकडे मुलांना ग, म, भ, न या क्रमाने अक्षरे शिकवत, त्यामागचे कारण सुलेखनातही लागू पडते: एका अक्षराचे वळण पुढच्याला उपयोगी पडते. माझा क्रम असा आहे: ग, म, भ, न, मग त, ल, मग व, ब, क, मग प, ष, फ, मग र, स, ख, मग ट, ठ, ढ, द, आणि शेवटी ड, ह, झ, ळ यांसारखी अवघड वळणाची अक्षरे. प्रत्येक गटाला दोन दिवस द्यावेत. अक्षरात डावीकडचा भाग आधी आणि काना नंतर काढावा, म्हणजे पोटाची रुंदी डोळ्यांसमोर असताना कान्याची जागा ठरवता येते.

‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण आधीच निवडून ठेवावे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण ठरवली आहेत. एकाच पानावर दोन वळणांचे ‘ल’ आले तर ते अजाणता झालेली सरमिसळ वाटते.

कित्ता म्हणून संगणकावरचा टंक समोर ठेवू नये. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक मजकूर पडद्यावर वाचता यावा यासाठी आहे, आणि त्यातल्या रेषांची जाडी बोरूच्या कोनातून आलेली नाही. तो पाहून बोरूने लिहिणारा माणूस नकळत टाक फिरवू लागतो.

टप्पा ८: काना, मात्रा, वेलांटी, उकार

येथे मोबाइलची सवय मोडावी लागते. ‘निमंत्रण’ लिहिताना हात आधी ‘न’कडे धावतो. प्रत्यक्षात पहिल्या वेलांटीचा काना ‘न’च्या डावीकडे उभा राहतो, म्हणून आधी तो काना, मग ‘न’, आणि त्यानंतर वरची कमान असा क्रम ठेवावा. कमान शेवटी काढली की ती ‘न’च्या कान्यावर नेमकी टेकवता येते, आधी काढली तर तोकडी पडते किंवा पुढच्या अक्षरावर लोंबते. दुसऱ्या वेलांटीत अक्षर आधी, मग उजवीकडचा काना आणि शेवटी कमान.

मात्रेचा पाय अक्षराच्या कान्यावर टेकावा. ट, ठ, ड, द यांना पूर्ण काना नसल्यामुळे शिरोरेषेला लटकलेल्या त्यांच्या छोट्या देठावर तो टेकवावा. उकार पायरेषेखालच्या दोन ठशांत संपला पाहिजे. ‘रु’ आणि ‘रू’ यांचे उकार मात्र अक्षराच्या उजव्या कुशीत बसतात, आणि ते खाली लटकवले की शब्द परका वाटतो. अनुस्वारासाठी गोल टिंब गिरवत बसू नये. टाक त्याच कोनात टेकवून जाड रेषेच्या दिशेने त्याच्या रुंदीइतकाच ओढला की चौकटच्या पत्त्यावरचे असते तसे टिंब तयार होते.

तपासा: लिहिलेली ओळ उलटी धरून पाहावी. मात्रा आणि कमानींची टोके एका रेषेत आहेत की नाहीत, ते अर्थ वाचण्याच्या मोहातून सुटल्यावर चटकन दिसते.

टप्पा ९: जोडाक्षरे आणि रफार

काना असलेले अक्षर अर्धे करताना त्याचा काना गाळावा आणि उरलेला भाग पुढच्या अक्षराला स्पर्श करील इतका जवळ आणावा. ‘सस्नेह’मधला ‘स्ने’ लिहिताना अर्ध्या ‘स’ला पूर्ण अक्षराच्या निम्म्याहून थोडी अधिक जागा द्यावी. ‘त्र’ हे एकच अक्षर समजून स्वतंत्रपणे गिरवावे. द्ध, द्व, ट्ट यांसारखी एकाखाली एक लिहायची जोडाक्षरे पाच ठशांत मावत नसतील तर खालच्या दोन ठशांत उतरू द्यावीत, किंवा पाय मोडून शेजारी लिहावीत. पण एका मजकुरात एकच पद्धत ठेवावी.

रफाराचा घोळ पुन्हा कळफलकामुळे होतो. टाइप करताना ‘र्’ आधी येतो, आणि कागदावर रफार सर्वांत शेवटी काढायचा असतो. शिवाय अक्षराला काना किंवा दुसरी वेलांटी असेल तर तो त्या शेवटच्या कान्यावर बसतो, मूळ अक्षरावर बसत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तर अर्थच बदलतो: पहिला समुद्र आहे, दुसऱ्या डोंगरांमधल्या आहेत. मजकुरात असे शब्द असतील तर ते आधी पेन्सिलीने लिहून कोणाकडून तरी वाचून घ्यावेत.

टप्पा १०: शिरोरेषा आणि अंतर

शिकताना शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावरच द्यावी. मोडीत ओळभर रेघ आधी ओढून अक्षरे तिला लटकवत जात. ती पद्धत येथे आणू नये, कारण बाळबोध म्हणजे देवनागरी अक्षरात शिरोरेषा काही ठिकाणी तुटते. थ, ध आणि भ यांच्या डाव्या भागावर ती सरसकट ओढली तर ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. ‘धन’चे ‘घन’ झालेली फळी मी एका दुकानावर पाहिली आहे. ती अनेक महिने तशीच लटकत होती.

अक्षरांतले अंतर पट्टीने मोजून सारखे होत नाही. दोन काने शेजारी आले तर त्यांच्यात अधिक जागा लागते, काना आणि गोल पोट शेजारी आले तर कमी. दोन शब्दांत सुमारे तीन ठशांइतकी जागा पुरते. इंग्रजीप्रमाणे ऐसपैस अंतर ठेवले तर शिरोरेषेने बांधलेले शब्द बेटांसारखे सुटे दिसतात.

टप्पा ११: कच्ची मांडणी आणि स्वच्छ प्रत

संपूर्ण मजकूर आधी त्याच टाकाने साध्या कागदावर लिहावा, प्रत्येक ओळीची लांबी मोजावी आणि त्यावरून स्वच्छ प्रतीवर सुरुवातीच्या खुणा कराव्यात. मध्यभागी जुळवायच्या ओळींसाठी हे अनिवार्य आहे. ‘सस्नेह निमंत्रण’ ही ओळ १४० मि.मी. भरली तर २१० मि.मी. रुंदीच्या कागदावर ती डाव्या कडेपासून ३५ मि.मी.वर सुरू होते. पेन्सिलीने अक्षरांचे बाह्याकार काढून ते शाईने भरू नयेत, कारण त्यात ओढलेल्या रेषेचा जिवंतपणा राहत नाही.

स्वच्छ प्रत एकाच बैठकीत पूर्ण करावी. जेवून आल्यावर हाताची चाल बदलते आणि ओळ कोठे थांबली होती ते जाणकाराला कळते. दर चार-पाच अक्षरांनी टाक बुडवावा आणि बुडवल्यावर रद्दी कागदावर एक रेषा ओढून जादा शाई उतरवावी. टोक झिजून रेषा फुगीर वाटू लागली तर ओळ पूर्ण करून थांबावे, एक मि.मी. नवा काप घ्यावा, टप्पा २ मधली ‘ब’ची परीक्षा पुन्हा करावी आणि मगच पुढची ओळ धरावी.

सावधान: पेन्सिलीच्या रेघा रात्रभर थांबून दुसऱ्या दिवशी खोडाव्यात. वरून कोरडी दिसणारी जाड रेषा आत ओली असू शकते आणि खोडरबराखाली पसरते.

प्रत छापखान्यात द्यायची असेल तर मोबाइलने फोटो काढण्यापेक्षा सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयला, करड्या छटांत स्कॅन करावी. फोटोत कडेची अक्षरे वाकतात आणि सावलीमुळे बारीक रेषा नाहीशा होतात. ही फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असल्यास फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, अन्यथा ती आकसते आणि ‘ब’च्या पोटातली नाजूक रेषा छापून येताना तुटते. काम झाल्यावर बोरू साध्या पाण्यात धुऊन, टोक वर करून उभा वाळवावा. दौतीत बुडवून ठेवलेला टाक दुसऱ्या दिवशी फुगतो आणि त्याची चीर मिटते.